डायलिसिसवरील मधुमेही रुग्णाची डाळ आणि अंडी बंद करू नका

डायलिसिस सुरू झालेल्या मधुमेही रुग्णांच्या कुटुंबांत एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. त्याचा आशय असा: किडनी निकामी झाली आहे, म्हणून डाळ, अंडी, दूध, मासे पूर्ण बंद करून पेज आणि साबुदाणा द्यावा, साखर आपोआप उतरली तर मधुमेह बरा होत आहे असे समजावे, वजन टिकून असेल आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) उतरत असेल तर काळजी करू नये. हे सगळे कळकळीने पुढे पाठवले जाते, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथिने बंद करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. डायलिसिसपूर्वीच्या टप्प्यात डॉक्टर प्रथिने मर्यादित ठेवायला सांगतात, हे खरे. पण डायलिसिस सुरू होताच तो हिशेब उलटतो. हिमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करण्याच्या, एका वेळेस साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, रक्तातून निघून जातात, आणि बहुतेकांचे डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा होते. म्हणून अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. असतो तो स्टार्च, जो साखर मात्र वाढवतो.

मधुमेहींना याचा फटका अधिक बसतो. इन्सुलिन केवळ साखर उतरवत नाही, तर स्नायूंतील प्रथिनांची मोडतोडही रोखून धरते. ते कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की ही मोडतोड वाढते, आणि रक्तातील आम्लता व दीर्घकालीन दाह तिला आणखी वेग देतात. रक्तातील साखर वापरणारी शरीरातली सर्वांत मोठी जागा स्नायू हीच असल्याने, ते झिजले की साखर सांभाळणेही अवघड होते. त्यातच जुन्या मधुमेहाने अनेकांच्या जठराच्या नसा दुबळ्या झालेल्या असतात. अन्न पुढे सरकत नाही, चार घासांत पोट भरते, मळमळते. मधुमेहामुळे गोड बंद, पोटॅशियममुळे फळे बंद, फॉस्फरसमुळे दूध कमी, आणि त्यावर या संदेशाने डाळही काढून घेतली, तर त्या माणसाच्या ताटात उरते काय?

फॉस्फरसची भीती निराधार नाही; किडनी निकामी झाल्यावर पोटॅशियमप्रमाणेच तोही रक्तात साचतो. मात्र अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अगदी थोडा असतो, डाळींतील फॉस्फरस शरीरात पूर्ण शोषला जात नाही. उलट कोला पेये आणि डबाबंद पदार्थांत मिसळलेला जवळजवळ सगळा शोषला जातो. डाळ भिजवून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियमही काही प्रमाणात कमी होते. किती आणि काय खावे, हे रक्ततपासणी पाहून आहारतज्ज्ञाने ठरवायचे असते.

साखर उतरण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. शरीरातील इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनी करते. ती थांबल्यावर इन्सुलिन जास्त वेळ टिकते, शिवाय खाणेही घटलेले असते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी, तर रक्तपेशींचे आयुष्य घटल्यामुळे फसवे कमी येऊ शकते. औषधाचा डोस कमी करावा लागेल, पण तो डॉक्टरांनी. मधुमेह गेलेला नसतो आणि रात्री साखर एकदम खाली जाण्याचा धोका मात्र वाढलेला असतो.

राहिले वजन आणि क्रिएटिनिन. स्नायू घटत असताना त्यांची जागा साचलेले पाणी घेते, त्यामुळे काटा तोच आकडा दाखवतो; अशा वेळी ड्राय वेट, म्हणजे जास्तीचे पाणी काढल्यावर असायला हवे ते वजन, नव्याने ठरवले नाही तर सूज, रक्तदाब आणि धाप वाढतात. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होते. डायलिसिस पूर्वीइतकेच असताना आणि लघवी वाढलेली नसताना डायलिसिसपूर्वीचा हा आकडा महिनोन्महिने उतरत असेल, तर किडनी सुधारल्याचा आनंद मानण्याआधी रुग्णाच्या मांड्या पाहाव्यात, खुर्चीतून हाताचा आधार न घेता त्याला उठता येते का ते पाहावे, आणि त्याने तीन दिवसांत खाल्लेला प्रत्येक पदार्थ कागदावर लिहून तो कागद पुढच्या डायलिसिसच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावा.