रांगेतली पोरं कापायची नाहीत: 'इन्स्ट्रुमेंट'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया इतकी मोठी आणि मुद्देसूद आहे की खाली दोन ओळींत उरकणं बरं दिसेना, म्हणून इथेच सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वॉशिंग्टनच्या फुगाझी या पंक बँडवरची 'इन्स्ट्रुमेंट' ही डॉक्युमेंटरी मला प्रचंड आवडते असं मी लिहिलं होतं, त्यावर यांचं म्हणणं की ही फिल्म बँडच्या दोस्ताने काढलीये म्हणजे ती जाहिरातच झाली, दोन तासांत गोष्ट अशी काही घडतच नाही नुसते रांगेत उभ्या पोरांचे चेहरे, आणि त्यांच्या शोच्या पाच डॉलरच्या तिकिटाचं मी जे कौतुक केलं ते सगळे श्रीमंत देशातले चोचले. त्यापेक्षा पेनेलोपी स्फीरिसची पंकवरचीच डॉक्युमेंटरी 'डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' बघा, कच्ची आणि खरी.

आधी दोस्तीचं बोलू. दिग्दर्शक जेम कोहेन आणि फुगाझीचा गायक-गिटारिस्ट इयन मकाय शाळेपासूनचे मित्र, हे खरंच आहे, आणि एडिटिंगला पाच वर्षं लागली त्यात बँडवाले स्वतः बसले होते हेही खरं. त्यामुळे बँडची पंचाईत होईल असा प्रश्न फिल्ममध्ये कोणी विचारत नाही, आणि ते मलाही खटकतं. पण जाहिरात म्हणाल तर कशाची हो? ही मंडळी स्वतःचे टी-शर्टसुद्धा विकत नव्हती, इतकं की बाहेरच्याच कोणीतरी 'हा फुगाझीचा टी-शर्ट नाही' असं छापलेले शर्ट काढून विकले! मॅनेजर नाही, मोठ्या कंपनीचं काँट्रॅक्ट नाही, रेकॉर्ड निघायच्या त्या मकायने १९८० मध्ये मित्रांबरोबर सुरू केलेल्या डिस्कॉर्ड या छोट्या रेकॉर्ड कंपनीवर. सुरुवातीला तर मकायच्या आधीच्या टीन आयडल्स या बँडने गिग करून साठवलेल्या पैशातून रेकॉर्ड छापली आणि तिची कव्हरं पोरांनी घरी बसून हाताने कापली, दुमडली, चिकटवली.

आता 'डिक्लाइन'. मलाही ती आवडते, गैरसमज नको. १९७९ च्या डिसेंबरपासून १९८० च्या मे पर्यंतचं शूटिंग, लॉस एंजेलिस, ब्लॅक फ्लॅग, एक्स, जर्म्स, फिअर असे तिथले पंक बँड. सुरुवातीलाच बँडवाले स्टेजवरून प्रेक्षकांना वाचून दाखवतात की बाबांनो तुमचं शूटिंग होणार आहे, तो प्रकार भन्नाटच. १९८१ ला फिल्म आली तेव्हा तिथल्या पोलीस प्रमुखाने पत्र लिहिलं की ही शहरात परत दाखवू नका, आणि २०१६ मध्ये तीच फिल्म अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या महत्त्वाच्या फिल्म्सच्या सरकारी यादीत, जाऊन बसली. पण कच्ची म्हणजे खरी हे तुमचं समीकरण मला पटत नाही. सहा महिन्यांत कॅमेऱ्याला मिळतं ते उसळलेलं, म्हणजे मारामारी, थुंकणं, फिअरचा गायक पब्लिकला मुद्दाम डिवचतोय ते सगळं, आणि मग बघणाऱ्याला वाटतं पंकचं जग म्हणजे एवढंच. जर्म्सचा गायक डार्बी क्रॅश त्यात स्वयंपाकघरात नाश्ता बनवत गप्पा मारतो, आणि मला आख्ख्या फिल्ममधली सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा तीच वाटते, कारण ७ डिसेंबर १९८० ला, फिल्म लागायच्या आधीच, तो गेला, आणि पोस्टरवर फोटो मात्र त्याचाच, स्टेजवर डोळे मिटून पडलेला. यात स्फीरिसचा काही दोष नाही. पण तिला तो भेटला तो त्या काही महिन्यांपुरताच, आणि आपल्यालाही तेवढाच.

आणि दुसरा भाग आठवतोय ना, १९८८ चा, हेअर मेटलवाला, म्हणजे फुगवलेल्या लांब केसांच्या रॉक बँड्सवरचा? त्यात मेटल गायक ऑझी ऑस्बोर्नच्या हातून ऑरेंज ज्यूस सांडतो, सगळे हसतात. ते सांडणं बनावट होतं हे नंतर स्फीरिसनेच सांगितलंय. म्हणजे बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन आला की सत्यच येतं असं काही नसतं.

कोहेन १९८७ पासून १९९८ पर्यंत शूट करत राहिला. सुपर एट, सोळा एमएम, व्हिडिओ, जे हाताशी असेल त्यावर. अकरा वर्षं! एवढ्या काळात कॅमेऱ्यासमोर पोज देणार तरी किती दिवस, माणूस थकतोच आणि मग आपलं काम करायला लागतो. तुम्हाला जे बोअर झालं ना, गाडीतले तासनतास, प्रॅक्टिस, स्टुडिओत एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं, ते यातूनच आलंय आणि माझ्यासाठी फिल्म तीच आहे. फुगाझीचा दुसरा गायक गाय पिचोटो बास्केटबॉलच्या रिंगमध्ये पाय अडकवून उलटा लटकून गातो तो सीन सगळेच शेअर करतात, तो तुम्हालाही आवडला म्हणालात, पण ती रिंग तिथे का आहे बघा की. बास्केटबॉलचं कोर्ट आहे ते! रॉकच्या बँडने साधं कोर्ट गाठायचं म्हणजे त्यामागे काहीतरी हिशोब असणार.

तो हिशोब कळला की पाच डॉलरचे चोचलेही कळतात. नेहमीच्या क्लबचा धंदा चालतो दारूवर, बँड हे गिऱ्हाईक आत आणायचं साधन, म्हणून अल्पवयीन पोरांना दारातच अडवतात. टीन आयडल्सची पोरं सॅन फ्रान्सिस्कोला गेली होती तेव्हा तिथल्या क्लबने त्यांच्या हातावर मार्करने मोठ्ठी फुली मारून आत सोडलं, म्हणजे यांना दारू द्यायची नाही, आणि हीच आयडिया त्यांनी परत येऊन वॉशिंग्टनच्या क्लबवाल्यांच्या गळी उतरवली. फुगाझीने तेच पुढे नेलं. वयाची अट नाही, म्हणून क्लबऐवजी असं कोर्टही चालायचं, तिकीट जमेल तिथे पाचच्या आसपास, आणि हे प्रमोटरशी आधीच बोलून ठरवायचं, बुकिंग बहुतेक मकाय स्वतः करायचा. तिकीट स्वस्त ठेवायचं तर खर्च कमी पाहिजे, म्हणून बडेजाव नाही, लवाजमा नाही. मी स्वतः मित्राच्या बँडसाठी पुण्यात गिगच्या दारावर बसलेय, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली पोरं तोंड पाडून परत जाताना बघितलीयेत, कारण आपल्याकडे बिअरला एकवीस आणि हार्ड ड्रिंकला पंचवीस, आणि जागा म्हणजे पबच. तेव्हा श्रीमंत देशाचं मला सांगू नका, हा प्रश्न जागा कोणाची आणि पैसा कशातून येतो याचा आहे, तो इथेही तसाच्या तसा आहे.

बरं, स्वस्तात आत घेतलं म्हणजे वाट्टेल ते चालवून घेतलं असंही नाही. पब्लिकमध्ये कोणी लाथाबुक्क्या सुरू केल्या की गाणं थांबवायचे, आणि बाहेर काढलेल्याला तिकिटाचे पाच डॉलर परत द्यायचे, त्यासाठी पैसे घातलेली पाकिटं गाडीत तयार असायची. फिल्ममध्ये पिचोटो अशाच एका दांडग्या पोराला स्टेजवरून सुनावतो, की मी तुला मघाशी आइस्क्रीम खाताना बघितलंय. बस, सगळी हवा गुल! हे डायलॉग म्हणून भारी आहेच, पण मुळात तो त्याला ओळखतो कसा? कारण शोच्या आधी बँड त्याच आवारात फिरत असतो.

म्हणून ते रांगेतले चेहरे. कोहेन एकेकाला उभं करून कॅमेरा तसाच रोखून ठेवतो, त्यात जाड भिंगाचा चष्मावाला आहे, बळंच रागीट तोंड करणारा आहे, कंटाळलेली मुलगी आहे. तुम्ही म्हणालात हे कापलं असतं तर फिल्म दीड तासात बसली असती. बसली असती हो, पण मग स्टेजवरचे चारच जण उरले असते, आणि स्वस्त तिकिटाचा, वयाच्या अटीचा एवढा आटापिटा ज्यांच्यासाठी केला ती पोरंच फिल्मबाहेर.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की नुसती गाणी ऐकायची असतील तर काय करायचं. फिल्म बाजूला ठेवा. फुगाझीने हजाराच्या वर शो केले आणि त्यातल्या आठशेहून जास्त शोंचं रेकॉर्डिंग झालेलं होतं, २०११ पासून त्यांनी ते डिस्कॉर्डच्या साइटवर टाकायला घेतलं. एका शोचे सुचवलेले पैसे परत पाचच डॉलर, पण एकापासून शंभरपर्यंत तुम्हाला वाटतील तेवढे भरता येतात. नव्वद-एक्याण्णवचा एखादा घ्या, मधली बडबड पुढे ढकलू नका, आणि ऐकून झालं की परत भांडायला या.