आजीव वर्गणीदार

मासिक बंद पडणार हे मला हल्ली त्याच्या संपादकाच्या आधी कळतं. यात अतींद्रिय वगैरे काही नाही. तीन मासिकं पोचवून आलेल्या माणसाला तेवढी नाडीपरीक्षा येतेच.

सुरुवात जोडअंकाने होते. 'काही अपरिहार्य कारणांमुळे' मे आणि जून एकत्र येतात, पानं मात्र एकट्या मेएवढीच. मग कणा जातो. ज्या चौकोनी पाठीवरचं नाव वाचून कपाटातला अंक ओढायचा, ती पाठ जाऊन अंकाच्या पोटात दोन पिना येतात. पुढे टाइप मोठा होतो, 'ज्येष्ठ वाचकांच्या आग्रहाखातर'. मी ज्येष्ठ वाचक आहे. मी आग्रह केलेला नव्हता.

पण या सगळ्यातून एखादं मासिक वाचूही शकतं. हमखास लक्षण एकच: माझं पत्र छापून येतं.

मी या मासिकाला चौदा वर्षं पत्रं लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, चुका नसलेल्या अंकाचं कौतुक केलं (असा एक निघाला होता), कविता कमी कराव्यात असं सुचवलं. एकाही पत्राला जागा मिळाली नाही. आणि गेल्या वर्षी लागोपाठ तीन अंकांत तीन पत्रं! कवितांबद्दलचं तर चौकटीत. मी हरखून अंक बायकोपुढे धरला. तिने पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अहो, म्हणजे गेलंच की हे."

दोन महिन्यांनी अंकाऐवजी पाकीट आलं. आत 'जड अंतःकरणाने' सुरू होणारं पत्र. मासिकाने मला आपण होऊन लिहिलेलं ते पहिलंच. त्यातही शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मी सवयीने पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आणि मग लक्षात आलं, की आता कळवायचं कुणाला?

माझा खरा प्रश्न वेगळाच होता. मी आजीव वर्गणीदार. मी जिवंत, तर वर्गणी जिवंत, असा माझा साधा हिशेब. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ फार सौम्यपणे म्हणाले, "साहेब, आजीव म्हणजे मासिकाच्या हयातीपर्यंत." मी म्हटलं, "पण फॉर्मवर माझं वय विचारलं होतं, मासिकाचं नव्हतं लिहिलं." यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, की भरपाई म्हणून आमचंच दुसरं मासिक तुम्हाला चालू करतो. तेव्हापासून मला व्यायामपटूंचं मासिक येतं. मुखपृष्ठावरच्या माणसाच्या दंडाचा घेर माझ्या कमरेएवढा आहे. टाइप बारीक आहे. कणा भक्कम आहे. ते शंभर वर्षं चालेल.

सगळ्यात वाईट क्रमशःचं. कादंबरीची नायिका बंद दाराबाहेर उभी आहे, आतून कुणीतरी कडी काढतंय, आणि खाली कंसात 'पुढील अंकी'. १८७० साली डिकन्स आपली शेवटची कादंबरी मासिक भागांतून लिहिता लिहिता गेला. बारा भाग ठरले होते, सहाच झाले. बिचाऱ्या वाचकांना रहस्य कळलंच नाही. पण तिथे लेखक गेला होता, विषयच संपला. इथे लेखक धडधाकट, वाचक धडधाकट, नायिकाही धडधाकट. गेलं ते मधलं मासिक. ती बाई गेलं वर्षभर त्या दाराबाहेर उभी आहे. शब्दकोड्याचं उत्तरही पुढच्याच अंकात होतं. आडवे सतरा, चार अक्षरी, 'कायमचे'. अजून सुटलेलं नाही.

मन रमवायला मी इतर मासिकांच्या मृत्यूंची माहिती काढत बसलो. अशा वेळी दुसऱ्याचं दुःख जरा बरं वाटतं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली निघालं आणि १८४० मध्ये थांबलं. म्हणजे बंद पडण्याची परंपरा आपण पहिल्यापासूनच नीट पाळलेली आहे. 'विविधज्ञानविस्तार' सत्तर वर्षं चाललं, १८६७ ते १९३७. इंग्लंडमध्ये लोकांना हसवणारं 'पंच' १८४१पासून १९९२पर्यंत टिकलं, १९९६ साली पुन्हा उठून बसलं आणि २००२ मध्ये कायमचं आडवं झालं. अमेरिकेतल्या 'लाइफ'ची तर कमालच. साप्ताहिक म्हणून १९७२ साली गेलं, तेही लाखोंनी वाचक असताना. टपालखर्च वाढला, जाहिराती टीव्हीकडे पळाल्या. १९७८ साली मासिक म्हणून परत आलं, २००० मध्ये गेलं. २००४ साली वृत्तपत्रांची पुरवणी होऊन आलं, २००७ मध्ये तीही संपली. नाव 'लाइफ', आणि मरण तीनदा!

यात एक गोष्ट मला खटकली. त्या लाखो वाचकांचं काही चुकलेलं नव्हतं. ते वाचत होते, पैसे देत होते, वाट पाहत होते. पण मासिक जगतं जाहिरातींवर, आणि वर्गणीदाराला वाटत असतं की आपल्यावर. माझ्या मासिकातल्या जाहिराती मी नेहमी न बघता उलटायचो. शेवटी शेवटी उलटायलाही उरल्या नव्हत्या, तेव्हा मी खूश होतो.

बायकोचं निदान सरळ आहे: मी पांढऱ्या पायाचा वर्गणीदार. मी वर्गणी भरली की मासिक धाप टाकू लागतं. तिचं एक आवडतं मासिक आहे. त्याची वर्गणी तिने स्वतःच्या नावाने भरली आहे, आणि मला ते फक्त तिचं वाचून झाल्यावर, उसनं मिळतं. "पत्र लिहायचं नाही," असा दमही दिलेला आहे.

मी पाळलं. जवळजवळ. मार्चच्या अंकात एक 'की' ऱ्हस्व पडली होती, तेवढंच एक कार्ड टाकलं, दोन ओळींचं.

आज अंक आलाय. कणा शाबूत आहे, जोडअंकही नाही. पण मी तो आधी उघडला, आणि ती आंघोळीहून येईपर्यंत कुठे लपवावा ते मला सुचत नाहीये. पान चार. माझं कार्ड. चौकटीत.