बुधवार, रात्री ११:५९

ऑनलाइन कोर्सच्या नोंदणीचे आकडे दाखवून "बघा, सगळ्या थरांतली मुलं तंत्रज्ञानात आली" असं सांगणाऱ्या कॉलेजांना एकच विचारावंसं वाटतं. पाचव्या आठवड्यात कोण उरलंय, ते बघितलंत का?

एनपीटीईएलचंच घ्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचं. नावनोंदणी फुकट, जेईई नको, वयाची वरची मर्यादा नाही. त्यामुळे यादीत सगळे दिसतात: कळव्याची डिप्लोमावाली मुलगी, रबाळे एमआयडीसीत पाळीवर जाणारा ऑपरेटर, लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडलेली घणसोलीची बाई, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) शिकणारा अंध विद्यार्थी. असाइनमेंटची मुदत मात्र सगळ्यांना एकच, सहसा बुधवारी रात्री ११:५९.

आता दुसरी पाळी धरा, तीन ते अकरा. कार्ड पंच करून गेटबाहेर पडून दिघ्याला घरी पोचेपर्यंत पावणेबारा. हातात चौदा मिनिटं आणि दहा प्रश्न. दिवसाचा दीड जीबी डेटा तोवर संपलेला असेल, तर नवा मिळतो रात्री बाराला. म्हणजे मुदत संपल्यावर एका मिनिटाने! याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा दुसरी पाळी करून बघावी.

असा माणूस मग "परीक्षेत भरून काढू" म्हणतो, आणि तिथेच फसतो. असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५. पण २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. असाइनमेंटला ९ आणि परीक्षेत ७० मिळाले, तर बेरीज ७९ होते आणि प्रमाणपत्र मिळत नाही. सुटकाही नियमातच आहे. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. त्यातल्या चारच दिल्या, पण प्रत्येकीत ८० टक्के मिळवले, तरी उरलेल्या चारांचे शून्य धरून आठांची सरासरी ४० टक्के येते, म्हणजे २५ पैकी बरोबर १० होतात. पहिली पाळी असलेल्या आठवड्यांत त्या उरकून घ्याव्यात. हे गणित पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडणारा समन्वयक स्वागताच्या दहा बॅनरांपेक्षा जास्त मुलं टिकवेल.

परीक्षेची नोंदणी वेगळी आणि फी १००० रुपये, हेही कित्येकांना उशिरा कळतं. एससी, एसटी आणि दिव्यांगांना निम्मी फी आहे, पण दाखला अपलोड केला तरच. तो शोधायला गावी जावं लागणार असेल, तर शेवटच्या आठवड्यात काय होणार?

बायकांची अडचण नावाची. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. कॉलेजच्या नोंदीत तिसरंच काहीतरी. परीक्षा पास होते, पण कोर्सचं क्रेडिट (श्रेयांक) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या डिजिटल खात्यात, जमा व्हायच्या वेळी नाव जुळत नाही आणि सगळं अडकतं. हे निकालानंतर निस्तरणं फार जिकिरीचं. नोंदणीच्याच दिवशी आधार, मार्कशीट आणि कॉलेजची नोंद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावं. फरक असेल तर राजपत्रातली नोंद तेव्हाच काढून ठेवावी.

घरी पाठवायच्या इलेक्ट्रॉनिक्स किटमध्ये तर गंमतच असते. सूचना लिहितात, "तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा रेझिस्टर घ्या." रेझिस्टर विजेला किती अडवतो, ते या पट्ट्यांच्या रंगांवरून ओळखतात. रंगांधळ्या मुलाने १ किलोओहमच्या जागी तपकिरी, काळा, नारिंगी, म्हणजे १० किलोओहमचा लावला, की एलईडी मिणमिणतो आणि तो सगळी जोडणी उसकटत बसतो. "मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवून साधारण १.०० दिसतो तो घ्या" एवढं लिहायला काय जातं? नोट्समधली समीकरणंही तशीच. फोटो काढून चिकटवली की स्क्रीन रीडर फक्त "इमेज" म्हणून पुढे जातो. तीच लेटेकमध्ये (समीकरणं टाइप करायच्या पद्धतीत) टाइप करून नीट वेबपानावर दिली, तर वाचता येतात.

भाषेचं काम मात्र बरंच झालेलं आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये पडद्यावर इंग्रजी आणि आवाज मराठी, दहाएक मिनिटांचे भाग, डाउनलोड करून ऑफलाइनही बघता येतात. पायथन, लिनक्स सुरू करायला पुरेसे. एक अडचण: शेजारी सॉफ्टवेअर उघडून बरोबरीने करत जायचं, अशी त्यांची रचना, आणि मोबाइलवर दोन्ही मावत नाही. म्हणून कॉलेजची लॅब संध्याकाळी पाचला कुलूप लावून बंद करण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस सकाळी सातला उघडावी. दुसऱ्या पाळीवालेही येतील आणि तिसऱ्या पाळीवरून सुटलेलेही.