पीडीएफ चढवली म्हणजे ऑनलाइन झालं, असं नसतं

(पोस्ट लांब आहे. अमेरिकेला खेळणी, लहान मुलांचे कपडे, गाद्या, सायकली असला माल पाठवणाऱ्यांनी आणि त्यांचे कागद सांभाळणाऱ्यांनी सवडीने वाचावी.)

अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, ८ जानेवारी २०२५ ला ई-फायलिंगचा अंतिम नियम प्रसिद्ध केला. त्यात अंमलबजावणीसाठी ८ जुलै २०२६ ही तारीख दिली. फॉरेन ट्रेड झोनमधून (कस्टम्स ड्युटी न भरता माल ठेवता येतो अशा राखीव भागातून) बाजारात येणाऱ्या मालासाठी ८ जानेवारी २०२७. आजवर माल सुरक्षा नियमांत बसतो असं सांगणारं सर्टिफिकेट फायलीत असायचं आणि मागितलं तर दाखवायचं. आता त्यातली माहिती कस्टम्सची एंट्री भरतानाच त्यांच्या एसीई प्रणालीत, ठरलेल्या रकान्यांत द्यायची. कमी किमतीच्या छोट्या पार्सलांनाही यातून सूट नाही.

यावर बऱ्याच कारखान्यांची पहिली प्रतिक्रिया अशी: "आमच्याकडे सगळी सर्टिफिकेटं आहेत, स्कॅन करून चढवून देऊ." घोळ इथूनच सुरू होतो.

थोडं मागे जाऊ. २००८ च्या कायद्याने आयात मालाला सर्टिफिकेट सक्तीचं केलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी सीपीसी (चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट) आणि इतर नियमबद्ध वस्तूंसाठी जीसीसी (जनरल सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी). त्याच वर्षीच्या नियमाने इलेक्ट्रॉनिक सर्टिफिकेटही चालवून घेतलं होतं. खोक्यावर किंवा इनव्हॉइसवर एक क्रमांक आणि वेबलिंक दिली की काम झालं. म्हणजे नावाला ऑनलाइन तेव्हापासूनच होतं! पण लिंकच्या टोकाला असायची पीडीएफ, आणि पीडीएफ वाचायला माणूस लागतो. बंदरावर हजारो कंटेनर उतरत असताना कोण उघडून बघणार? संगणकाला धोकादायक माल आधीच निवडून काढायचा असेल तर लॅबचं नाव, चाचणीची तारीख, नियमाचा क्रमांक हे सगळं त्याला वेगवेगळं मिळायला हवं. ई-फायलिंगचा पहिला प्रस्ताव २०१३ चा आणि अंतिम नियम २०२५ चा. उशीर झाला खरा, पण दिशा बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्टिफिकेटात मुळात सातच गोष्टी असतात: वस्तूची ओळख, लागू असलेले नियम, आयातदार, चाचणीची कागदपत्रं सांभाळणारी व्यक्ती, उत्पादनाची तारीख आणि ठिकाण, चाचणीची तारीख आणि ठिकाण, आणि बाहेरच्या लॅबने चाचणी केली असेल तर ती लॅब. कागदावर हे अर्ध्या पानात मावतं. पण कागद काहीही खपवून घेतो, रकाना घेत नाही.

"लागू नियम" हेच घ्या. लॅबच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं 'एएसटीएम एफ ९६३', म्हणजे खेळण्यांच्या सुरक्षिततेचं मानक. सर्टिफिकेटला हवा असतो '१६ सीएफआर १२५०', म्हणजे अमेरिकी सरकारच्या नियमसंग्रहातला क्रमांक. रंगातल्या शिशासाठी १३०३ (मर्यादा ९० पीपीएम), थॅलेटसाठी (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) १३०७ (ठरवून दिलेल्या प्रत्येक थॅलेटला ०.१ टक्का), लहान सुट्या भागांसाठी १५०१, कपड्याच्या ज्वलनशीलतेसाठी १६१०. रिपोर्टची भाषा आणि नियमाची भाषा वेगळी, आणि मधला तक्ता कुणीच केलेला नसतो. तो एकदा बसून करा. करताना मानकाचं वर्षही तपासा. खेळण्यांसाठी २० एप्रिल २०२४ पासून एफ ९६३-२३ लागू आहे, तरी त्यानंतरच्या मालाला एफ ९६३-१७ चे रिपोर्ट जोडलेले आढळतात. कागदावर ते कुणाच्या नजरेत यायचं नाही.

लॅबचंही तसंच. मुलांच्या वस्तूंची चाचणी सीपीएससीने मान्य केलेल्या लॅबमध्येच व्हायला लागते, आणि ती मान्यता कंपनीला सरसकट नसते. त्या त्या ठिकाणच्या लॅबला, त्या त्या चाचणीपुरती असते, आणि तिचा स्वतंत्र क्रमांक असतो. रिपोर्टच्या डोक्यावर मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि चाचणी झालेली भलत्याच शहरातल्या शाखेत, हे सर्रास घडतं. पत्ता बघून क्रमांक भरलात तर चूक. रिपोर्टमध्ये आतल्या पानावर 'चाचणी कुठे केली' ही ओळ शोधा. नसेल तर लॅबकडून लेखी घ्या.

आता एक्सेल. सीपीएससीच्या प्रॉडक्ट रजिस्ट्रीत, म्हणजे सर्टिफिकेटची माहिती साठवायच्या त्यांच्या पोर्टलवर, माहिती एकेक करून भरता येते, सीएसव्ही फाइलने (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी मजकूर फाइल) एकदम चढवता येते किंवा सॉफ्टवेअर थेट जोडता येतं. मधला मार्ग सगळ्यांचा आवडता, आणि सगळ्यात जास्त माती तिथेच होते. बारकोडचा आकडा एक्सेलमध्ये टाकला की तो ८.९E+१२ अशा रूपात दिसायला लागतो. तशीच सीएसव्ही सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे गेले, कारण सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरतं. शून्याने सुरू होणाऱ्या कोडचं शून्य उडतं. उपाय एकच: आकडे टाकायच्या आधी तो रकाना 'टेक्स्ट' करा. आणि सेव्ह केलेली सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडून 'बघू' नका, नोटपॅडमध्ये बघा. उघडून परत सेव्ह केली की तोच घोळ नव्याने.

तारखा याहून वाईट. आपण ०३/०४ लिहितो ते तीन एप्रिल, अमेरिकेत ते चार मार्च. तारीख १२ च्या पुढची असेल तर प्रणाली निदान नाकारते, म्हणजे कळतं तरी. बारापर्यंतच्या तारखा मुकाट्याने उलट्या होऊन आत जातात. मग चाचणी उत्पादनाच्या आधीची की नंतरची, हेच बदलून जातं. आपल्या मूळ शीटमध्ये वर्ष-महिना-दिवस असाच क्रम ठेवा आणि रूपांतर शेवटी, एकाच ठिकाणी करा.

रजिस्ट्रीचा खरा फायदा पुन्हापुन्हा जाणाऱ्या मालाला आहे. सर्टिफिकेटची माहिती तिथे एकदा भरली की प्रत्येक शिपमेंटला कस्टम्स ब्रोकरने (आयातदारातर्फे एंट्री भरणाऱ्याने) फक्त तीन ओळखी पाठवायच्या: सर्टिफिकेट देणाऱ्याची, वस्तूची आणि आवृत्तीची. रजिस्ट्री न वापरण्याच्या दुसऱ्या पद्धतीत सगळा तपशील दर खेपेला नव्याने पाठवावा लागतो. एकदाच जाणाऱ्या मालाला ते ठीक, बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

पण आवृत्तीला जपा. समजा, लाकडी खेळण्यातली गाडी आहे, लाल रंगाची. मधेच लाल रंगाचा पुरवठादार बदलला. हा महत्त्वाचा बदल. त्या रंगाची चाचणी पुन्हा, आणि सर्टिफिकेट नवं. कागदाच्या जमान्यात जुन्या सर्टिफिकेटची झेरॉक्सच पुढची दोन वर्षं फिरत राहायची. आता रजिस्ट्रीत दुसरी आवृत्ती तयार होते, पण ब्रोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलीच साठवलेली असते आणि तो तीच पाठवत राहतो. दोन्हीकडे 'यशस्वी' दिसतं, आणि माल एक, कागद दुसराच. म्हणून आवृत्तीचा क्रमांक इनव्हॉइसच्या ओळीवरच छापा. ब्रोकरने तिथून उचलावा, आपल्या आठवणीतून नाही. आणि वस्तूची ओळख वर्डमधून कॉपी करू नका. वर्ड हायफनचा परस्पर लांब डॅश करतं, डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो.

काही एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या वर्गीकरणाचे क्रमांक) असे आहेत की त्यातला थोडाच माल सीपीएससीच्या नियमात बसतो. तुमचा माल बसत नसेल तर ब्रोकर कारणासह 'डिस्क्लेम', म्हणजे 'या मालाला सर्टिफिकेट लागत नाही' असं, पाठवू शकतो. सोय चांगली आहे, पण घाईच्या दिवशी माहिती हाताशी नाही म्हणून डिस्क्लेम मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने खोटं लिहून देणं. त्यापेक्षा माल एक दिवस थांबलेला परवडला.

कायद्याने आयात मालाच्या सर्टिफिकेटची जबाबदारी आयातदाराची. माहिती मात्र कारखान्यात आणि लॅबमध्ये. त्यामुळे "ते बघतील त्यांचं" म्हणणारा कारखाना पुढच्या ऑर्डरला अडतो. लॅबला आजच सांगा की रिपोर्टच्या पीडीएफसोबत तीच माहिती रकान्यांच्या फाइलमध्येही हवी. नवा रिपोर्ट काढताना हे मागायला काही लागत नाही, जुने तीनशे रिपोर्ट हाताने टाइप करायला लागतं.

नियामकांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. युरोपात घातक मिश्रणांच्या नोंदणीसाठी यूएफआय नावाचा १६ अक्षरांचा कोड आहे. तो लेबलवरही छापतात आणि नोंदीतही असतो. आकड्याशी गल्लत होईल अशी ओ, आय यांसारखी अक्षरं त्यात घेतलेलीच नाहीत, आणि टाइप करताना चूक झाली तर ओळखणारं तपासणीचं अक्षर त्यातच आहे. याला म्हणतात आधी विचार करून केलेलं काम. ज्या पोर्टलवर दोनशे ओळींची फाइल 'एरर' एवढंच म्हणून परत येते, त्यांनी हे बघावं. कुठली ओळ, कुठला रकाना, काय अपेक्षित होतं, एवढं तरी सांगा की!

शेवटचं, आणि हे अगदी किरकोळ वाटेल. पोर्टलचं खातं एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर उघडू नका. कंपनीचा सामाईक पत्ता वापरा आणि किमान दोघांना अ‍ॅडमिन करा. तो माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलायची लिंक त्याच्या इनबॉक्समध्ये जाते, आणि माल तोवर जहाजावर चढलेला असतो.