एक बंड्या, तीन लेन्स

पम्यानं ग्रुपवर तीन फोटो टाकले होते: तोच बंड्या, मागे दिव्यांची तीच माळ, फक्त लेन्स दर वेळी वेगळी. कुठली लेन्स भारी, याचा निकाल जाहीर करायलाच तो काल टपरीवर आला होता. गळ्यात कॅमेरा, त्यावर ५० एमएमची सिग्मा आर्ट. नुसती लेन्स ८१५ ग्रॅम. एवढं ओझं घेऊन कटिंग प्यायला येणारा आमच्यात तो एकटाच.

"मायक्रोकॉन्ट्रास्ट बघा, बारीकसारीक छटांचा उठाव," पम्या सुरू झाला. "थ्रीडी पॉप बघा, बंड्या कसा फोटोतून बाहेर येतो. १३ काचा आहेत आत. कॅननची जुनी ५० एक-पॉइंट-आठ म्हणजे प्लास्टिकचं खेळणं. आणि हेलिओस? रशियन भंगार."

हेलिओस माझी. ४४-२, ५८ एमएम, जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार या जुन्या लेन्सवर बेतलेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमीनं विचारलं, "अ‍ॅपर्चर किती ठेवलंस?"

"तिन्हींना एफ-दोन. एकदम फेअर."

"एफ-दोन म्हणजे लेन्सचे एमएम भागिले दोन, एवढं भोक. ५८ भागिले दोन, २९ मिलिमीटर. तुझ्या सिग्माचं २५. एकाच जागेवरून काढल्यावर हेलिओसमध्ये मागचे धूसर दिवे मोठे दिसणारच. त्यात काचेचं काय कौतुक? इंजिनीअर ना रे तू? भागाकार ऑप्शनला टाकला होतास का?"

"म्हणजे फरकच नसतो म्हण की!"

"असतो. पण आकारात नाही, कडेला बघ." तिनं फोन घेऊन फोटो मोठा केला. कॅननमध्ये माळेतल्या प्रत्येक दिव्याला उजळ कड, त्यामुळे बंड्याच्या डोक्यामागे नुसती किचकिच. हेलिओसमध्ये मधले दिवे गोल, पण कोपऱ्याकडे दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले. तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीतच थोडा अडतो, म्हणून. सगळे दिवे बंड्याभोवती फेर धरल्यासारखे. सिग्मात सगळं कसं गुळगुळीत, शिस्तीत.

"आणि त्या कॅननला भोक लहानमोठं करणारी पातीच पाच," सुमी म्हणाली. "भोक बारीक करून एफ-२.८ केलं की दिवे पंचकोनी. एका लग्नात फोटो बघून नवरीची आई मला विचारते, डेकोरेशनवाल्यानं ह्या माळा कुठून आणल्या हो?"

"म्हणूनच सिग्मासारखी करेक्टेड, दोष काढलेली लेन्स वापरावी माणसानं."

"वापर की. नवरीची पुटकुळी न् पुटकुळी दिसते तीत. मला पैसे त्या न दिसण्याचे मिळतात. आणि भोक आणखी बारीक करून एफ-आठला काढलेले तिन्ही फोटो सरमिसळ करून देते, तुझा मायक्रोकॉन्ट्रास्ट ओळखून दाखव. चहा माझा."

पम्यानं आव्हान घेतलं नाही. राजमाचीच्या ट्रिपच्या टोलच्या पैशांचा विषय काढला. हरायला लागला की तो नेहमी टोलवर येतो.

"टोल?" सुमी उसळली. "माझी ५० एमएमची लेन्स पावसाळाभर कपाटात ठेवून बुरशीसकट परत दिलीस! तिच्यासारखं रेंडरिंग, चित्र उमटवायची ती ढब, सिग्माच्या बापाला जमणार नाही."

"सिलिका जेल ठेवलं होतं मी!"

"हो, बुटांच्या खोक्यातलं!"

इतका वेळ बंड्या फोन डोळ्यांजवळ धरून बसला होता. "ते राहू द्या," तो म्हणाला. "तिन्ही फोटोंत माझे डोळे मिटलेत, हे कुणाला दिसलं का?"

सगळे फोनवर वाकले. खरंच, तिन्हींत.

"पापण्या मात्र टॅक शार्प आहेत," पम्या पुटपुटला. सुमीचा चहा नाकातून बाहेर आला.