पोरगं तुमच्याशी काही बोलूच नये, यासाठी काय काय करावं

हल्ली जो भेटतो तो पालक एकच रडगाणं गातो, पोरगं घरात काही बोलत नाही, जेवताना मान खाली, विचारलं तर "काय नाय". अहो मग रडताय कशाला? "काय नाय" हे उत्तर असंच मिळत नाही, त्यामागे बारा-पंधरा वर्षांची मेहनत असते, तुमची ती फळाला आली. ज्यांची पोरं अजून शाळेतून आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच "आई ऐक ना, ऐक ना" करत स्वयंपाकघरात मागे मागे फिरतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. घाबरू नका, अजून वेळ गेलेली नाही.

पहिली गोष्ट, पोराचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. "मला ना हल्ली वर्गात जायची भीती..." इथपर्यंत आलं की पुढचं "वाटते" तोंडातून पडायच्या आत आपण "आमच्या वेळी" सुरू करायचं. आमच्या वेळी प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात शाळेत चालत जायचो, आमची भीती विचारायला कोण आलं होतं वगैरे. माझा शाळेचा रस्ता मूळचा दीड किलोमीटर, पण मुलगी नववीत जाईपर्यंत मी तो साडेचारवर नेला, शिवाय मध्ये एक ओहोळ घातला. आता गोष्ट ओहोळापाशी आली की ती उठूनच जाते. याला म्हणतात रिझल्ट.

मग गणपतीची चवथ. चवथीसारखी सोय दुसरी नाही. मूळ घरी तीस-चाळीस माणसं जमलेली, वर टांगलेली फळापानांची माटोळी, समोर गणपती, हातात करंजी, अशा मंगल वेळी मोठ्यानं विचारायचं, "काय रे, किती पडले?" बिचारा ब्याऐंशी म्हणतो. लगेच काही बोलायचं नाही, नुसतं "अच्छा" म्हणून एक्क्याण्णववाल्या चुलतबहिणीकडे बघून हसायचं. त्या हसण्याचं काम पोरगं पुढं कित्येक वर्षं आपलं आपणच करत राहतं, तुम्हाला परत हात लावावा लागत नाही.

या बाबतीत आपल्याच गोव्यातल्या एका बापानं फार मोठी चूक करून ठेवलीय. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहनवाल्या पाद्री आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरलेला, 1945 सालचा, टुरिस्ट लोक भूत उतरवतोय समजून फोटो काढतात, त्याचाच बाप. फारिया 1756 साली कांदोळीत जन्मला, बापाबरोबर पोर्तुगालला गेला, आणि गोष्ट अशी सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरची बडी बडी मंडळी बघून त्याची वाचाच बसली. बाप तिथंच खाली. आता जबाबदार बापानं काय करावं? नाक कापलंस म्हणावं, एवढा खर्च करून आणला म्हणावं, शेजारच्याचा मुलगा बघ कसा घडाघडा बोलतो म्हणावं. हा बाप हळूच कोकणीत म्हणाला, "हीं सगळीं भाजी, कातर रे भाजी." झालं, पोराची भीती गेली आणि तो बोलत सुटला. बरं तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण एका शब्दानं आपलं मन कसं काय पालटलं याचाच विचार त्याच्या डोक्यात शिरला म्हणतात, आणि पुढं पॅरिसमध्ये संमोहनावर त्यानं लोकांना सांगितलं की जादू माझ्या हातात नाही, जे घडतं ते तुमच्याच मनात घडतं. बापानं वेळीच झापला असता तर गुमान कुठंतरी सरकारी खात्यात चिकटला असता.

सरकारी नोकरीवरून आठवलं. गावच्या जत्रेतल्या नाटकात पोरगं काम करतं तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकायचा, आणि त्यानं "मला कला अकादमीत नाटक शिकायचंय" म्हटलं की दोन दिवस जेवायचं नाही. तुम्ही, त्यानं नव्हे. तिसऱ्या दिवशी मामाला बोलवायचं.

झोपेबद्दल थोडक्यात. डॉक्टर म्हणतात तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. डॉक्टरांना ट्युशनचं टायमिंग माहीत नसतं, सोडून द्या. आणि पोराला काहीही झालं, पोट दुखलं, केस गळले, मैत्रीण बोलायची बंद झाली, तरी कारण मोबाईल. हे सांगताना आपल्या हातातली रील बंद करायची गरज नाही, आवाज जरा कमी केला तरी पुरे.

एवढं करूनही पोरगं रात्र रात्र जागं, खात नाही, दार लावून बसतं, तर काय करायचं? विचारायचं. देवाला कौल लावून विचारायचं, भटजींना पत्रिका दाखवून विचारायचं, क्लासच्या सरांना, लिस्बनच्या आतेभावाला व्हॉट्सअॅप कॉल करून विचारायचं, फक्त पोराला विचारायचं नाही. कुणी शहाणा काउन्सेलर म्हणालाच तर आपली मुलगी काय वेडी आहे काय म्हणून त्याच्याशी वर्षभर अबोला धरायचा. शेवटी बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यायची वेळ आलीच तर सोय उत्तम आहे, तिथं मेडिकल कॉलेजही आहे, त्यामुळं डोळे दाखवायला चाललोय म्हणता येतं. मी तेच म्हणून गेले होते. मानसोपचाराच्या ओपीडीत आमच्या गावचं आणखी एक कुटुंब भेटलं, तेही डोळ्यांसाठीच आलेलं. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांची अगदी आपुलकीनं चौकशी केली.

काही गोष्टी मात्र पोरांपासून लपवूनच ठेवा. 14416 हा नंबर, टेलि-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलाय, फुकट आहे, चोवीस तास चालतो, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना रात्री दोन वाजता पोरगं कुणाशी तरी बोलू शकतं, बघा केवढा धोका. दुसरं, 1996 पासून आपल्या गोव्यात संगाथ नावाची संस्था आहे, त्यांनी तर डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांनाच ट्रेनिंग देऊन समुपदेशनाला बसवलं, आणि ते चालतं असं निघालं. ऐकून घ्यायला एमडी लागत नाही हे पोरांना कळलं तर उद्या तीच अपेक्षा आपल्याकडून करतील.

मुलगा असेल तर काम अर्धं झालेलंच असतं. माझा चुलतभाऊ, 2012 मध्ये गोव्यातलं मायनिंग बंद झालं आणि त्याचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा राहिला. हप्ते चालू, ट्रक बंद. हा रोज सकाळी उठून तो न चालणारा ट्रक पाइप लावून धुवायचा, टायरसुद्धा घासायचा, बायकोला एक शब्द नाही, आईला नाही, कुणी विचारलं तर "काय नाय". त्याचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, पायरीवर बसून बघायचा. आता तो कॉलेजात आहे, परवा परीक्षेत दोन विषय राहिले, घरी कुणाला सांगितलं नाही, सकाळपासून मोटरसायकल धूत होता.

आता एकच गाफील क्षण सांगते. जूनमध्ये पहिल्या पावसात लाइट जाते, टीव्ही बंद, वायफाय बंद, मोबाईलची बॅटरी संपत आलेली, आणि अंधारात तोंड दिसत नाही म्हणून पोरगं सोप्यावर येऊन तुमच्या शेजारी बसतं. थोडा वेळ गप्प. मग म्हणतं, "आई, एक सांगू?" तेव्हा अजिबात वेळ घालवू नका, ताबडतोब उठून कुंपणापाशी जा आणि शेजाऱ्याला हाक मारा, "तुमच्याकडे आहे काय हो लाइट?"