एकच वाक्य पाच प्रकारे फिरवून बघा

मुलांना अलंकार ओळखायला शिकवण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘सारखा, जसा हे शब्द आले की उपमा, नसले की रूपक’ ही त्यातली खूणगाठ मला अपुरी वाटते. ‘मुलगा वडिलांसारखा दिसतो’ यात ‘सारखा’ आहे, अलंकार मात्र नाही. ती साधी माहिती झाली. तुलनेचा अलंकार व्हायला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी समोरासमोर याव्या लागतात.

त्यापेक्षा मुलांना एकच कल्पना फिरवून दाखवावी. ‘तिचा राग आगीसारखा’ ही उपमा. ‘तिचा राग म्हणजे जणू आगच’ ही उत्प्रेक्षा. ‘क्रोधाग्नी’ म्हटलं की दोन्ही एकरूप झाले, ते रूपक. ‘हा राग नव्हे, आगच ही’ म्हणून राग नाकारला की अपन्हुती. आणि ‘तिच्या रागापुढे आगही गार’ हा व्यतिरेक, कारण इथे उपमेयाने (ज्याची तुलना करतो त्या रागाने) उपमानावर (ज्याच्याशी तुलना करतो त्या आगीवर) मात केली. राग तोच, पण बोलणाऱ्याची खात्री कुठे कशी वाढत गेली ते कानाला लगेच कळतं. व्याख्या घोकून हे कधीच हाती लागत नाही!

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात उपमा, रूपक, दीपक, यमक असे चारच अलंकार आहेत. पुढच्यांनी यादी खूप लांबवली. परीक्षेत त्या यादीचाच धाक असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लेखात लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं, राहूनच गेली. ‘सगळा वर्ग हसला’ म्हणताना भिंती हसत नाहीत, हे लहान मूलही न शिकवता ओळखतं. पुढच्या लेखात तिच्यावर जरूर लिहा.